मांडीवरच्या एका बारवर उलटं व्हायचं? रेव्होल्यूशनच्या लूपबद्दल

लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा व्हॅलेन्सियाच्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या पार्कमध्ये ‘रेव्होल्यूशन’ या रोलर कोस्टरवर बसायला चल म्हणून मागे लागलाय. ताईंनी आजवर माणसाला उलटं करणारी राइड केली ती एकच, खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो. तिथे खांद्यांवरून छातीपर्यंत येणारा जाड हार्नेस होता. रेव्होल्यूशनच्या डब्यात मात्र मांडीवर येणारा बार, बाकी काही नाही. त्यातून राइड 1976 ची. म्हणून त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: उलटं झाल्यावर माणूस खाली कसा पडत नाही, गाडी लूपच्या, म्हणजे रुळाच्या उभ्या वळशाच्या, माथ्यावर अडकली तर काय, आणि इतक्या जुन्या राइडवर भरवसा ठेवावा का.

ताई, माझी नोकरी राइड्सच्या देखभालीतली. चाकं, एक्सल, ब्रेक, साखळी, लॉक हे माझं रोजचं काम. आधी सरळ उत्तर देतो. गेटवरच्या उंचीच्या पट्टीत मुलगा बसत असेल आणि तुम्हा दोघांना मान, पाठ, हृदय, रक्तदाब यांचा त्रास नसेल, तर खुशाल बसा. लूपच्या माथ्यावर तुम्हाला सीटवर दाबून ठेवतो तो रुळाचा आकार. बार तिथे राखीव असतो. त्याचं खरं काम राइडमध्ये दुसरीकडेच आहे, तेही पुढे सांगतो.

पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, हे उदाहरण शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पाणी का सांडत नाही ते त्यातून कळतं, पण बादली ज्या गोल वाटेने फिरते त्याच वाटेने माणसांनी भरलेली गाडी फिरवली तर त्या माणसांच्या मानेचं काय होईल, ते कळत नाही. लूपवाल्या रोलर कोस्टरचा सगळा इतिहास या दुसऱ्या अर्ध्या भागातच अडकला होता.

थोडा हिशेब करू. आत्ता खुर्चीत बसून तुम्हाला स्वतःचं जेवढं वजन जाणवतं त्याला 1 जी म्हणू. आकडे सोपे पडावेत म्हणून मी मनाने घेतोय, ते रेव्होल्यूशनच्या ड्रॉइंगमधले नाहीत. समजा लूप 25 मीटर उंच आहे आणि गाडी तळाशी सेकंदाला 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटरने शिरते. वर चढताना वेग कमी होत जातो आणि माथ्यावर तो सेकंदाला साधारण साडेअकरा मीटर उरतो. आता हा लूप अगदी गोल असेल तर त्याची त्रिज्या सगळीकडे साडेबारा मीटर. मग तळाशी माणसाला स्वतःचं वजन सहापट जाणवेल, 6 जी. आणि माथ्यावर? जवळजवळ शून्य. म्हणजे खाली हाडं खिळखिळी होतील इतका दाब आणि वर जेमतेम तरंगणं. यातली वाईट गोष्ट अशी की गोल लूपमध्ये तळ आणि माथा यांच्यातला हा 6 जींचा फरक कशानेही कमी होत नाही. वेग वाढवला तर वरचं बरं होतं पण खालचं आणखी बिघडतं. वेग कमी केला तर उलट. लूप लहान केला, मोठा केला, तरी फरक तोच. घर्षण सोडलं तर गणितच तसं आहे.

शिवाय दाब किती आहे यापेक्षा तो किती झटक्यात येतो हे मानेला जास्त कळतं. सरळ रुळावरून गाडी थेट वर्तुळात शिरली की 1 जीवरून 6 जीवर जायला वेळच मिळत नाही. डोकं सावरायच्या आत हनुवटी छातीला टेकते.

लोकांनी हे करून पाहिलेलं आहे. फ्रान्समध्ये 1846 साली लूप असलेली गाडी चालवली गेली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये फ्लिप फ्लॅप रेल्वे आली. तिचा लूप छोटा आणि गोल होता, आणि तिच्यावर बसणाऱ्यांच्या माना आणि पाठी दुखावायच्या. मग 1901 मध्ये तिथेच एडविन प्रेस्कॉटने लूप द लूप बांधली. त्याने वर्तुळ सोडून अंड्यासारखा लांबट आकार घेतला, म्हणजे रोग त्याला बरोबर कळला होता. पण एका गाडीत माणसं बसायची चार, आणि त्यावर धंदा चालेना. त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ लूपच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही.

पुढची वाट पोलादी नळीने मोकळी केली. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅरो डेव्हलपमेंटने 1959 मध्ये डिस्नेलँडसाठी मॅटरहॉर्न बांधली, ती नळीच्या रुळांवरची पहिली कोस्टर. लाकडाच्या रुळाला तीन दिशांनी एकदम वळवता येत नाही, नळीला येतं. त्याच अ‍ॅरोने 1975 मध्ये नॉट्स बेरी फार्म या पार्कमध्ये कॉर्कस्क्रू उभी केली आणि आधुनिक काळात माणसं पहिल्यांदा कोस्टरवर उलटी होऊन सुखरूप उतरली. (ती राइड 1990 मध्ये उचलून आयडाहोच्या सिल्व्हरवूडला नेली. पोलादी राइड अशी सुटी करून दुसरीकडे उभारता येते, याचं मला अजून अप्रूप आहे.) पण कॉर्कस्क्रू आडवी पिळत जाते. समोर उभं राहिलेलं कडं चढून, माथ्यावरून जाऊन, पुन्हा खाली येणं अजून बाकी होतं. ते 8 मे 1976 ला व्हॅलेन्सियाला झालं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती, म्हणून नाव ठेवलं ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन. बांधणारा बव्हेरियातल्या म्युन्स्टरहाउझेनचा अँटोन श्वार्त्सकोफ आणि गणित मांडणारा म्युनिकचा इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल. त्याच महिन्यात ओहायोच्या सीडर पॉइंटला अ‍ॅरोचीही लूपवाली राइड सुरू झाली, इतकी ती शर्यत अटीतटीची होती.

श्टेंगेलने काय केलं ते लूपकडे बाजूने पाहिलं की लगेच दिसतं. तो गोल नाही. खाली वळण सैल, वर आवळलेलं, पाण्याचा थेंब उलटा धरल्यासारखा. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. तो रेल्वेच्या आणि हमरस्त्यांच्या आखणीत आधीपासून होताच. सरळ रूळ थेट वर्तुळाला जोडत नाहीत, मधे हळूहळू वाढत जाणाऱ्या वळणाचा तुकडा घालतात. आपल्याकडचे सिव्हिलवाले त्याला ट्रान्झिशन कर्व्ह म्हणतात. श्टेंगेलने तोच वक्र आडव्याचा उभा केला.

मघाचाच हिशेब आता या आकारावर करून पाहा. उंची तीच 25 मीटर, तळाचा वेग तोच. तळाशी त्रिज्या मोठी, समजा 25 मीटर. माथ्याशी लहान, समजा 7 मीटर. तळाशी आता 6 जीऐवजी साधारण साडेतीन जी लागतात, तेही हळूहळू चढत. आणि माथ्यावर, जिथे गोल लूपमध्ये जवळजवळ शून्य होतं, तिथे जवळपास पूर्ण 1 जी मिळतो, सीटच्या दिशेने. म्हणजे डोकं जमिनीकडे आणि पाय आकाशाकडे असताना तुमच्या बुडाखालची सीट तुम्हाला तितकीच घट्ट लागते जितकी आत्ता खुर्ची लागतेय. खिशातली नाणीसुद्धा त्या क्षणी खिशातच राहतात. खाली वेग जास्त असतो तिथे वळण सैल ठेवायचं, वर वेग कमी होतो तिथे आवळायचं. एवढीच युक्ती, आणि तिला शंभरावर वर्षं लागली.

खरी रेव्होल्यूशन 113 फूट उंच आहे, रूळ 3457 फूट लांब, वेग ताशी 55 मैल म्हणजे 88 किलोमीटरच्या आसपास, आणि लूप सुमारे 90 फुटांचा. आजच्या राइड्सपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण ती टेकडीच्या उतारावरून, झाडांमधून मोठाली वळणं घेत जाते आणि कुठेही हिसका देत नाही. माझ्या मते पहिली उलटी होणारी राइड म्हणून आजही यासारखी दुसरी निवड नाही.

आता बारचं. श्वार्त्सकोफच्या गाड्यांना सुरुवातीपासून मांडीवरचाच बार होता, आणि तो काही पैसे वाचवायला नव्हता. त्याचा स्वतःच्या वळणांवर तेवढा विश्वास होता. 1989 मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या जत्रेत त्याची ऑलिम्पिया लूपिंग आली. एकामागून एक पाच लूप, तीही सुटी करून गावोगाव नेता येणारी राइड, आणि तिलाही खांद्यावर काही नाही, फक्त मांडीवर बार. ती आजही जर्मनीतल्या जत्रांमधून फिरते.

रेव्होल्यूशनवर मात्र 1992 मध्ये खांद्यावरचे हार्नेस बसवले गेले. रूळ तोच, वेग जवळपास तोच, पण राइडचं नाव खराब झालं. लोक कान चोळत उतरायचे. कारण साधं आहे. मांडीवर बार असतो तेव्हा कमरेच्या वरचं शरीर मोकळं असतं. वळणावर ते थोडं कलतं, सावरतं, परत येतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन टणक खांब उभे केले की तेच कलणं कानावर आदळतं. मी ही राइड हार्नेस असताना केली आहे आणि नंतर बारवरही. दोन वेगळ्या राइड वाटतात. 2016 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, नव्या गाड्या आणून हार्नेस काढले आणि पुन्हा मांडीवरचा बार आणला. (त्या वर्षी काही काळ डोळ्यांवर व्हीआरचे, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारे, चष्मेही देत होते. ते बंद झाले ते बरं झालं. ही राइड डोळे उघडे ठेवून झाडं बघत करायची आहे.) म्हणजे तुम्हाला जो बार पाहून शंका आली, तो जाणीवपूर्वक परत आणलेला मूळ आराखडा आहे.

मग नायट्रोला हार्नेस का? ती वेगळ्या जातीची राइड आहे. स्विस कंपनी बोलिगर अँड माबिलार्डची फ्लोअरलेस कोस्टर, 40 मीटर उंच, पायाखाली तळच नाही, पाय लोंबकळत, आणि पाच वेळा उलटं होणं. तिथली सीट आणि हार्नेस एकत्रच आखलेले आहेत. एका राइडचा बंदोबस्त दुसरीला लावून तुलना करू नये.

बारचं काम कुठे असतं म्हणालो, तर दोन ठिकाणी. एक, उंचवट्यावरून गाडी खाली झुकते तेव्हा. पोटात गोळा येतो तोच क्षण, शरीर सीटवरून सुटायला बघतं. दुसरं, शेवटच्या ब्रेकवर, तिथे शरीर पुढे फेकलं जातं. दोन्ही ठिकाणी कंबर जागेवर राहिली की माणूस जागेवर राहतो, म्हणून बार कमरेच्या सांध्याजवळ, मांडीच्या मुळाशी बसायला हवा. लूपमध्ये गाडी काही कारणाने हळू झाली तरी तुमचं वजन पेलेल इतका तो मजबूत असतोच. आजच्या नियमांप्रमाणे अशा बारचं लॉक एका खिळीवर विसंबलेलं नसतं. एक निकामी झाली तरी दुसरी धरते.

आता एक गोष्ट मुलाला नीट बजावून सांगा. या वयाच्या मुलांत एक खोड असते: ऑपरेटर बार दाबायला आला की टाचा उचलून गुडघे वर करायचे, मांडी फुगवायची, म्हणजे बार दोन बोटं वर अडकतो आणि नंतर पाय खाली सोडले की सैल राहतो. त्यांना वाटतं जास्त मजा येईल. होतं इतकंच की उंचवट्यावर शरीर तेवढं उचललं जातं आणि परत आदळतं. पाय सपाट ठेवायचे, पाठ मागे टेकवायची, बार मांडीला लागेपर्यंत स्वतः ओढायचा. मधे जाड जाकीट, कमरेची पर्स, मांडीवर धरलेली बाटली असलं काही नको. बार मांडीला टेकला पाहिजे, सामानाला नव्हे.

लूपच्या माथ्यावर गाडी अडकण्याची भीती मी कायम ऐकतो. बातम्यांमध्ये तासन्‌तास उलटे लटकलेले लोक दिसतात, त्यामुळे ती भीती साहजिक आहे. पण ती दृश्यं बहुतेक वेळा वेगळ्या यंत्रांची असतात, गोल रिंगमध्ये मोटरने फिरवल्या जाणाऱ्या जत्रेतल्या राइड्सची. मोटर थांबली की ती गाडी असेल तिथे राहू शकते. रेव्होल्यूशनसारख्या कोस्टरला पहिली चढण सोडली तर कुठेही इंजिन नाही. साखळी गाडीला वर नेऊन सोडते, त्यानंतर सगळा प्रवास त्या उंचीच्या जोरावर. लूपमध्ये तिला धरून ठेवणारं काहीच नसतं, ना साखळी, ना ब्रेक. त्यामुळे वेग कमी पडलाच तर गाडी माथ्यापर्यंत न पोचता आल्या वाटेने मागे घसरते, झोके घेत घेत तळाशी स्थिरावते, आणि लोकांना तिथून सरळ बसलेल्या अवस्थेत उतरवता येतं.

चढणीवर ऐकू येणारा टकटक आवाज तुम्हाला आठवत असेल. ती गाडीखालची खिळी आहे, रुळामधल्या दातांवरून एकेक करत पुढे सरकणारी. साखळी तुटली तरी गाडी मागे जाऊ नये म्हणून. लोक तो आवाज ऐकून घाबरतात. मला तो आवाज येत नसेल तर भीती वाटेल.

वेग कमी पडू नये यासाठी रोज सकाळी काय होतं ते सांगतो, कारण जुन्या राइडवर भरवसा ठेवायचा की नाही याचं उत्तर इथेच आहे. दिवसाची सुरुवात रिकाम्या गाडीने होते. लोकांना वाटतं भरलेली गाडी जड, म्हणून तिला लूप चढणं अवघड. उलट आहे. हवेचा आणि चाकांचा विरोध दोन्ही गाड्यांना लागतो, पण रिकाम्या गाडीकडे त्याला पुरून उरेल एवढा भार नसतो, त्यामुळे तीच जास्त मंदावते. त्यात सकाळचा गारवा असेल तर बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं आणि पॉलियुरेथेनची चाकं कडक. म्हणजे दिवसातली सगळ्यात हळू फेरी हीच, आणि ती माणसांशिवाय पार पाडली जाते. भरलेल्या गाडीची खरी परीक्षा शेवटी असते, ब्रेकपाशी. तो ब्रेकही उलट्या विचाराने बनवलेला असतो: स्प्रिंग त्याला कायम आवळून धरते आणि दाबाखालची हवा त्याला उघडते. हवा गेली, वीज गेली, तर ब्रेक लागलेला राहतो.

गाडी धावायच्या आधी माणसं रुळावरून चालतात. आमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य म्हणजे कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते दिसणं. प्रत्येक मोठा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. रेघ सरळ असेल तर बोल्ट हललेला नाही. रेघ जराशी जरी मोडलेली दिसली तरी तिथे थांबायचं. वेल्डच्या कडेला गंजाची बारीक तपकिरी ओळ दिसली तर ती पुसून पुढे जायचं नसतं, कारण रंगाखाली चीर असेल तर ती अनेकदा अशीच बाहेर बोलते. मग रंग खरवडून त्यावर डाय पेनिट्रंट किंवा मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी होते, म्हणजे रंगीत द्रवाने किंवा चुंबकाने न दिसणारी चीर शोधतात.

चाकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गाडी रुळावरून सुटेल का हा न विचारलेला प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. प्रत्येक कोपऱ्याला चाकांचे तीन संच असतात. वरून धावणारी, बाजूने टेकणारी, आणि रुळाच्या खालून धरणारी. खालून धरणारं चाक ही जॉन मिलर या अमेरिकन डिझायनरची देणगी, 1919 च्या पेटंटमधली, लाकडी कोस्टरच्या काळातली. हे तीन संच मिळून नळीला तिन्ही बाजूंनी कवेत घेतात. गाडी रुळावर नुसती ठेवलेली नसते, रुळाला अडकवलेली असते. खालच्या चाकात आणि रुळात किती फट असावी हे ठरलेलं असतं आणि ते फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात. फट वाढली तर गाडी खडखडते, कमी झाली तर चाक उगीच तापतं. मी फेरी संपून आलेल्या गाडीच्या चाकांवरून हाताची पाठ फिरवतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की त्याचं बेअरिंग काहीतरी सांगतंय.

म्हणून 1976 ची राइड म्हणजे नेमकं काय जुनं, हे वेगळं करून बघा. जुना आहे तो आकार, खांब आणि रूळ. गाड्या 2016 च्या. चाकं, बेअरिंग, ब्रेकचे पॅड, साखळी या गोष्टी कोणत्याही चालत्या राइडवर झिजतात आणि बदलल्या जातात. एक्सलसारख्या भागांना दिसायला काही झालेलं नसलं तरी ठरलेलं आयुष्य संपलं की काढतात, कारण पोलाद वयाने थकत नाही, फेऱ्यांनी थकतं. प्रत्येक फेरीत ताण येतो आणि जातो, आणि लाखो वेळा तसं झालं की वेल्डच्या टोकाशी चीर सुरू होते. आणि इथे श्टेंगेलचा आकार पुन्हा कामाला येतो. माणसाच्या मानेला जो हिसका नको असतो तोच रुळालाही नको असतो. ज्या वळणात दाब हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, तिथे पोलादही जास्त टिकतं. त्या काळातल्या कितीतरी खडबडीत राइड मोडीत निघाल्या आणि ही अजून धावते, यात मला तरी योगायोग दिसत नाही. 2002 मध्ये अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स या संस्थेने तिला ऐतिहासिक राइड म्हणून मान दिला तो रास्तच होता.

आणि गाड्या एकमेकांवर आदळण्याचं म्हणाल तर रूळ टप्प्यांमध्ये विभागलेला असतो. पुढच्या टप्प्यातली गाडी बाहेर पडल्याचा सेन्सर लागल्याशिवाय मागची सोडली जात नाही, रेल्वेच्या सिग्नलसारखंच. राइड मधेच चढणीवर थांबली तर घाबरू नका. बहुतेक वेळा खाली स्टेशनवर कोणाचा तरी बार नीट लागलेला नसतो किंवा कोणाची टोपी पडलेली असते आणि यंत्रणा नेमकं जे करायला हवं तेच करत असते.

आता बसायचं कुठे. पहिली वेळ असेल तर मधल्या डब्यांत बसा, पुढचं किंवा मागचं टोक नको. पहिल्या उतारावर मागचा डबा पुढच्या वजनाने ओढला जातो, तिथे पोटात गोळा मोठा येतो. पुढे समोर काहीच दिसत नाही, नुसती पोकळी, त्याने मन धास्तावतं. लूपमध्ये मात्र मधल्या डब्याची गंमत वेगळी आहे. गाडी सगळ्यात हळू तेव्हा असते जेव्हा तिचा मध्य माथ्यावर असतो, म्हणून उलटं असताना सगळ्यात हलकं मधल्यांनाच वाटतं. मुलाला ते आवडलं की दुसऱ्या फेरीला शेवटच्या डब्यात बसवा.

लूपमध्ये शिरताना डोकं मागे टेकवून नजर समोर ठेवा. बाजूला वळून मुलाकडे बघू नका, मान वळलेली असताना दाब येणं चांगलं नाही. तळाशी दाब वाढतो तेव्हा मांड्या आणि पोट आवळा आणि श्वास चालू ठेवा, म्हणजे रक्त पायांकडे उतरून डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. व्हॅलेन्सियाला उन्हाळ्यात कडक ऊन असतं, रांगेत उभं राहण्याआधी पाणी प्या. ओढणी, स्कार्फ, लांब मंगळसूत्र, मोबाइल, चष्मा, सगळं आधी काढून ठेवा. मोबाइल हातात धरून शूटिंग करायला मुलाला अजिबात देऊ नका. ताशी 88 किलोमीटरने सुटलेला फोन मागच्या माणसाच्या चेहऱ्यावर जातो.

तुमच्या सासूबाईही सोबत येणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना मानेचा स्पाँडिलायटिस असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर त्यांना या राइडवर बसवू नका, त्या कितीही उत्साहाने तयार झाल्या तरी. तळाचा दाब तरुण मानेला एक-दोन सेकंद काहीच नाही, पण झिजलेल्या मणक्यांना तो खूप होतो. त्यांना लूप बाजूने नीट दिसेल अशा जागी सावलीत बसवा.

आणि शक्य असेल तर पार्क उघडल्या उघडल्या एक फेरी करा आणि दुपारी उन्हं तापल्यावर दुसरी. ग्रीस पातळ झालेलं असतं, चाकं गरम झालेली असतात, आणि तीच गाडी त्याच रुळावर थोडी जास्त वेगाने धावते. मुलाला आधी काही सांगू नका. फरक त्याचा त्याला ओळखू द्या.